मावशींचे चाळीस दिवस

दिवाळीचा फराळ समोर मांडून उपवासाची गोष्ट सांगायला बसावे, हे जरा विपरीतच. पण वाचकहो, करंजीचा एक तुकडा तोंडात टाका आणि ऐका. गोष्ट उपवासाची आहे खरी. पण त्याहूनही अधिक ती एका बाईच्या धीराची आहे, आणि चारशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाची. या दोहोंची गाठ वसईतल्या एका ओटीवर पडली. त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो.

१९७१ साली वडिलांची बदली झाली आणि गिरगावातली चाळ सोडून आम्ही वसईला आलो. पापडीच्या पुढे, केळीच्या वाडीत, एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. घरमालकीण साठीच्या घरातली, लाल लुगडे नेसणारी, कष्टाने हात राठ झालेली बाई. मुलासुनांशी ती आपल्या सामवेदी बोलीत बोले आणि आमच्याशी जपून, सावकाश, शाळेतल्या बाईंसारखे मराठी बोले. आई तिला मावशी म्हणू लागली म्हणून आम्हीही मावशीच म्हणू लागलो.

घरात नाखूष एकटी आजी होती. आमचे मूळ गोव्याचे. कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा. पण देवी मूळची कवळ्याची नव्हे. ती साष्टीतल्या केळोशीची. सोळाव्या शतकात साष्टीत पोर्तुगीजांनी देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा भक्तांनी देवीला खाडीपलीकडे, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, फोंड्याच्या बाजूला नेले. कुशस्थळीच्या मंगेशाचेही तेच झाले. १५६७ साली एकट्या साष्टीत अडीचशेहून अधिक देवळे पाडली गेली. ही गोष्ट आजीने आपल्या आजीकडून ऐकली होती आणि ती अशी सांगे, की जणू काही पालखीला खांदा तिनेच दिला होता! अशा आजीला ख्रिस्ती माणसाच्या घरात भाडेकरू म्हणून राहायचे होते. पहिल्या दिवशी तिने ओटीवर उभे राहून भिंतीवरचा क्रूस पाहिला आणि एवढेच म्हणाली, "देवा, काय काय दाखवशील रे!"

मावशींनी ते ऐकले. पण ऐकल्याचे दाखवले नाही. विहिरीवरून आमचा हंडा भरून आणून दिला आणि आपल्या कामाला निघून गेल्या.

*

१९७२ चा फेब्रुवारी. महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती. एका बुधवारी सकाळी मावशी देवळातून परत आल्या (चर्चला त्या देऊळच म्हणत), आणि पाहतो तो त्यांच्या कपाळावर राखेची खूण! मी धावत आत गेलो. "आई, मावशींनी भस्म लावलंय!" आजी पोथी वाचत होती, तिने चष्म्यावरून पाहिले. "त्यांच्यात कुठलं भस्म?"

मी बाहेर येऊन मावशींनाच विचारले. त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या आम्ही देवळातून घरी आणतो ना, त्या जाळून ही राख करतात. आज आमचा राखेचा बुधवार. माणूस मातीचा आहे, मातीतच जायचा आहे, हे विसरू नये म्हणून फादर ही कपाळाला लावतात."

"आणि मग?"

"मग चाळीस दिवस उपवासकाळ. मांस नाही, गोड नाही. शुक्रवारी क्रुसाची वाट. आणि शेवटी ईस्टर."

"पण कशासाठी?"

मावशी हसल्या. "एका दिवसात सगळं विचारू नकोस. विचारशील तेवढंच सांगेन. उद्या आणखी विचार."

त्या वेळी मला वाटले, की मावशींना घाई असावी. पुढे कळले, की हा त्यांचा नेमच होता. कोणी विचारल्याशिवाय त्या आपल्या धर्माविषयी अवाक्षर काढीत नसत आणि विचारले तर टाळीत नसत. जेवढा प्रश्न तेवढे उत्तर. भाजीवाल्याने तागडी तोलून द्यावी तसे.

मी मात्र चौकस. कॅलेंडर घेऊन दिवस मोजायला बसलो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले, तर भरले शेहेचाळीस! पुन्हा मोजले, तरी शेहेचाळीसच. दुसऱ्या दिवशी विजयी मुद्रेने गेलो. "मावशी, तुमचे चाळीस दिवस चुकलेत. सहा जास्त आहेत."

"शाबास! आता त्यांत रविवार किती आले ते मोज."

सहा आले.

"रविवार आम्ही उपवासात धरत नाही. रविवारी प्रभू उठला, म्हणून दर रविवार आमचा लहानसा ईस्टर. त्या दिवशी दुःख करायचं नसतं."

ही माहिती मी घरात जाहीर केली, आणि तिचा उपयोग लवकरच झाला. होळी आली. आईने पुरणपोळ्यांचे ताट मावशींकडे पाठवले. मावशींनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आईला सांग, माझं गोड बंद आहे. पोरं खातील. रागावू नको म्हणावं." होळीची पुरणपोळी नाकारली, म्हणून आजी कुरकुरलीच. पण आई काही बोलली नाही. रविवारी सकाळी तिने पुन्हा पुरण वाटले, पुन्हा पोळ्या केल्या आणि गरम पोळी, वर तुपाची धार, स्वतः नेऊन मावशींच्या पुढ्यात ठेवली. "आज रविवार आहे, मावशी. आज चालतं ना?"

मावशींचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांच्या धर्मातली एक बारीकशी गोष्ट कोणीतरी ऐकून लक्षात ठेवली होती, आणि ती लक्षात ठेवून रविवारचा स्वयंपाक केला होता. माणसाला आणखी काय हवे असते?

*

एकदा मी त्यांना सरळ विचारले, "मावशी, आमच्या शाळेतला एक मुलगा म्हणतो, की तुमच्या धर्मात दुसऱ्यांना आपला धर्म सांगायलाच हवा, असा हुकूम आहे. मग तुम्ही सांगत का नाही?"

त्या केळीच्या पुंजाभोवतालची माती भुसभुशीत करत होत्या. "हुकूम आहे," त्या म्हणाल्या. "पण हा बघ, हा पोटरा मी गेल्या महिन्यात लावला. रोज उपटून बघितलं, मूळ धरलंय का, तर धरेल का?"

खुरपे चालूच होते. विषय संपला.

पुढे मोठेपणी या विषयावरचे थोडेफार वाचले, तेव्हा लक्षात आले, की मावशींचे हे वागणे केवळ स्वभावाचे नव्हते. उपवासकाळाचा मूळ संस्कारच तो आहे. ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांत कोणी येऊन "मला तुमच्यात घ्या" म्हटले, म्हणून त्याला लगेच घेत नसत. त्याने आधी ऐकायचे, शिकायचे, आपले वागणे सुधारायचे. जुन्या नियमांत यासाठी तीन वर्षांपर्यंतचा काळ सांगितलेला आढळतो. शेवटचे शिक्षण ईस्टरपूर्वीच्या या उपवासाच्या आठवड्यांत व्हायचे, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री, नवा अग्नी पेटवून, त्या उमेदवारांना स्नानसंस्कार मिळायचा. म्हणजे उपवासकाळ हा नुसता खाण्यापिण्याच्या बंधनांचा काळ नव्हे. तो मुळात शिकण्याशिकवण्याचा काळ होता, आणि जुने ख्रिस्ती लोकही नव्यांच्या सोबतीने उपवास करीत.

चौथ्या शतकाच्या अखेरीस इजेरिया नावाची एक बाई पश्चिमेकडून यात्रा करीत जेरुसलेमला पोहोचली. मागे राहिलेल्या आपल्या भगिनींसाठी तिने जे प्रवासवर्णन लिहिले, त्यात तिने तिथला उपवासकाळ टिपून ठेवला आहे. बिशप स्वतः रोज सकाळी तीन तास उमेदवारांना शिकवायला बसे. बायबलच्या पहिल्या पानापासून आरंभ करी; आधी शब्दाचा अर्थ, मग त्यामागचा अर्थ. शेवटी धर्माचे सार असलेला विश्वासांगीकार तोंडी द्यायचा आणि उमेदवाराने तो पाठ म्हणून दाखवायचा. आपल्याकडे गुरूने शिष्याला मंत्र द्यावा, तसलाच प्रकार.

तीन वर्षे थांबायचे आणि रोज तीन तास बोलायचे! कुठेही घाई नाही. गंमत अशी, की पुढल्या शतकांत ही पद्धत मागे पडली. राजेच ख्रिस्ती झाले, प्रजा एका दिवसात ख्रिस्ती झाली, आणि थांबण्याची गरजच कुणाला उरली नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनंतर ही जुनी शिस्त पुन्हा सुरू करण्यात आली. तिचा विधी रोमने जाहीर केला तो जानेवारी १९७२ मध्ये. आमच्या मावशींना याची काही वार्ता असण्याचे कारण नव्हते. पण त्याच फेब्रुवारीत त्या मला "उद्या आणखी विचार" म्हणत होत्या, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

*

आता पुस्तकाची गोष्ट.

माझ्या मावशीपुराणाचा वडिलांवर परिणाम असा झाला, की एके दिवशी ते पुण्याहून परतताना एक जाडजूड ग्रंथ घेऊन आले: फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण'. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली १९५६ ची देवनागरी आवृत्ती. मराठी भाषेचे कौतुक करणाऱ्या त्याच्या ओव्या आपण सर्वांनीच शाळेत वाचलेल्या आहेत. रत्नांची, मोगऱ्याची, मोराची उपमा देणाऱ्या त्या ओव्या आवडल्या नाहीत असा मराठी माणूस विरळा. पण त्या ओव्या ज्या ग्रंथात आहेत, तो उघडून पाहिलेला माणूस त्याहून विरळा.

स्टीफन्स हा मूळचा इंग्रज. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. पुढे इंग्लंडात राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक धर्म उघडपणे पाळणे हा गुन्हा होऊन बसला. त्याचा जिवलग मित्र टॉमस पाउंड याच धर्मापायी पकडला गेला आणि त्याने आयुष्यातली सुमारे तीस वर्षे तुरुंगात काढली. स्टीफन्स रोमला निसटला, १५७५ साली येशूसंघात दाखल झाला आणि एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. हिंदुस्थानात येऊन राहिलेला हा पहिला इंग्रज, असे मानतात. तो आला, तो जन्मभरासाठी. १६१९ साली तो गोव्यातच वारला.

दैवाची लीला पाहा. ज्या माणसाच्या मायदेशात त्याच्या धर्माला लपून राहावे लागत होते, तो अशा ठिकाणी आला, की जिथे त्याचा धर्म सत्तेच्या खांद्यावर बसला होता आणि लपून राहण्याची पाळी दुसऱ्यांवर आली होती. गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षणसभा, म्हणजे इन्क्विझिशन, बसलेली. साष्टीत देवळे पडलेली. १५८३ साली कुंकळ्ळीच्या संतापलेल्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारी जाऊन आलेले रुडॉल्फ आक्वाविवा होते. त्या आपल्या सहकाऱ्यांचे देह ताब्यात घेऊन त्यांचे दफन करण्याचे काम स्टीफन्सकडे आले. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांची कत्तल केली.

अशा रक्ताळलेल्या मुलखात या माणसाने काय केले? तो भाषा शिकत बसला. त्याच १५८३ च्या ऑक्टोबरात त्याने आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात, इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी जुळते, असे नमूद केले. हीच गोष्ट सर विल्यम जोन्सने सांगून जगाला चकित केले, ते १७८६ साली. म्हणजे दोनशे वर्षांनी. स्टीफन्सने कोकणीचे व्याकरण लिहिले, कोकणीत धर्मशिक्षणाची पुस्तिका लिहिली. आणि मराठी संतकवींच्या ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. एकनाथ महाराज १५९९ पर्यंत पैठणला होते. म्हणजे दोघे समकालीनच. पुराण रायतूरला छापून झाले १६१६ साली. गोव्यात पाऊल ठेवल्यापासून सदतिसाव्या वर्षी!

देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून मराठी ओवी रोमन अक्षरांत छापावी लागली. इथल्या लिपीत छापता यावे ही त्याची इच्छा होती, पण अक्षरे आणि जोडाक्षरे इतकी, की तेवढे साचे कोण करणार? ती इच्छा तशीच राहिली.

आणि या पुराणाचा आरंभ कसा होतो? प्रश्नाने! धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण उठून विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही सोडायला लावलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला पुराण का देत नाही? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्टीफन्स कथा सांगायला बसतो. विश्वाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो आणि देवाला स्वामी. श्रोते मधूनमधून शंका विचारतात, तो उत्तरे देतो. विचाराल तेवढे सांगेन!

पण हे सगळे कौतुक आजीपुढे टिकेना. ग्रंथ कुणाचा आणि कुठला, हे ऐकताच तिचा आवाज चढला. "साष्टीतला पाद्री ना? आमची देवी रातोरात हलवावी लागली, ती यांच्याच पायी. आधी पोथ्या हिसकावायच्या आणि मग आपली पोथी हातात द्यायची! तो प्रश्न विचारणारा ब्राह्मण रडत नसेल कशावरून?"

वडील गप्प बसले. मी मावशींकडे पाहिले. ओटी एकच, त्यामुळे त्यांनी सगळे ऐकले होते. मला वाटले, आता त्या काहीतरी म्हणतील. आपल्या धर्माची बाजू घेतील. त्या सावकाश उठल्या, आजीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "खरं आहे, बाई. ते चांगलं झालं नाही."

चारशे वर्षांच्या भांडणाला एवढे लहान उत्तर मी त्यापूर्वी ऐकले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.

*

झावळ्यांच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मावशी विहिरीवर घसरल्या. पाय मुरगळून सुजला. पवित्र आठवडा लागलेला, आणि देवळात जाणे बंद! संध्याकाळी घरचे सगळे देवळात गेले, की त्या ओटीवर एकट्या जपमाळ ओढीत बसत. मला त्यांची दया आली. मी वडिलांचे पुस्तक काढले, येशूच्या दुःखसहनाचा भाग शोधला आणि त्यांना वाचून दाखवू लागलो. मावशींचे शिक्षण चार इयत्तांचे. ती जुनी भाषा वाचणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

आवाक्याबाहेरचे तर माझ्याही होते. चरण कुठे तुटतो हे मला कळेना. धडा वाचावा तसा मी ठेचकाळत वाचत होतो. दोन ओव्या झाल्या, चार झाल्या, आणि आतून आजीचा आवाज आला, "अरे, गाढवा, ओवी अशी वाचतात का?"

ती बाहेर आली. जन्मभर हरिविजय आणि पांडवप्रताप वाचलेली बाई ती. ओवीचा तो छळ तिला सोसवेना! तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतले, चष्मा लावला, आणि चातुर्मासात ज्या चालीवर पोथी वाचायची, त्याच चालीवर साष्टीतल्या पाद्र्याची ओवी म्हणायला सुरुवात केली.

मंडळी, ती चाल लागताच पुस्तक जागे झाले. माझ्या तोंडी जे दगडधोंडे होते, ते तिच्या तोंडी पाण्यासारखे वाहू लागले. अडलेला शब्द ती नुसत्या सुरावर ओलांडून जाई आणि अर्थ आपोआप कळे. आजी आधी नुसती वाचत होती. मग हळूहळू ऐकूही लागली असावी. कारण दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाल्यावर ती आपणहून पुस्तक घेऊन ओटीवर आली. तिसऱ्या दिवशी आईही पदराला हात पुसत येऊन बसली. बागेतला अटकेचा प्रसंग झाला, शिष्याने ओळख नाकारली, न्यायाधीशाने हात धुतले.

३१ मार्च, गुड फ्रायडे. मावशींचा कडक उपवास. त्या संध्याकाळी आजी वाचत वाचत क्रुसापाशी आली. पुत्र क्रुसावर आहे आणि आई खाली उभी राहून पाहते आहे. वाचता वाचता आजीचा सूर अडखळला. तिने पुढची ओवी धरली, सोडली, पुन्हा धरली, आणि मग पुस्तक मांडीवर ठेवून चष्मा काढला.

आमचे थोरले काका एकोणिसाव्या वर्षी विषमज्वराने गेले होते. घरात त्यांचे नाव कोणी काढीत नसे.

कोणीच काही बोलेना. आज मी विचार करतो, तेव्हा वाटते, की मावशींनी बोलायचे तर हीच वेळ होती. आपल्या धर्मातली सांत्वनाची सगळी वचने त्या क्षणी त्यांना सुचली असतील. पण त्या उठल्या, लंगडत आत गेल्या आणि तांब्याभर पाणी आणून आजीपुढे ठेवले.

बऱ्याच वेळाने आजीने विचारले, "पुढं काय झालं त्या बाईचं?"

"रविवारी सांगते," मावशी म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्या आल्या. नवे लुगडे नेसलेल्या, पाय अजून सुजलेलाच. आजीच्या शेजारी बसल्या आणि चार वाक्यांत सांगितले: तिसऱ्या दिवशी बाया कबरीपाशी गेल्या, धोंडा बाजूला सरलेला होता, आत कोणी नव्हते, तो उठला होता. आमचा सगळा विश्वास एवढाच आहे, बाई.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिचा उठला. बरं झालं, बाई. एकीचा तरी उठला."

मावशींनी आजीचा हात आपल्या हातात घेतला. मला जे सांगायचे आहे, ते एवढ्यातच आले.

*

नाही, आजी ख्रिस्ती झाली नाही. शांतादुर्गेचा दिवा तिने शेवटच्या दिवसापर्यंत लावला. पण पुढच्या दोन उपवासकाळांत ती स्वतःच मावशींना विचारी, "यंदा राखेचा बुधवार कधी?" आणि पवित्र आठवड्यात पोथी काढी.

मोठा झाल्यावर एकदा मी मावशींना धीटपणे विचारले, "आजीनं तुमच्या धर्मात यावं, असं तुम्हाला वाटायचं का?"

"का नाही वाटणार?" त्या म्हणाल्या. "आपल्याला जे गोड लागतं, ते दुसऱ्याच्या ताटात वाढावंसं वाटतंच. पण ताट त्याचं आणि भूकही त्याची. आपण वाढायला उभं राहायचं."

त्यांच्या धर्मसंस्थेनेही अखेर हेच मान्य केले. विश्वासाच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, असे व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केले. हे चारशे वर्षे आधी जाहीर झाले असते, तर आमच्या देवीला खाडी ओलांडावी लागली नसती, हे खरेच. स्टीफन्सही त्या सत्तेच्या छत्राखालीच वावरला. त्याला त्या पापातून अगदी मोकळे सोडता येत नाही. पण बळजबरीचे काय झाले आणि धीराचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या. गोवा सोडून गेलेल्या कुटुंबांनी त्या मंगळूरकडे नेल्या, तिथल्या घरांतून ओव्या म्हटल्या गेल्या, आणि तिथेच १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. इन्क्विझिशन १८१२ साली कायमची बंद झाली. फर्मान काढणारे गेले, राज्यही गेले. ओवी राहिली, आणि साडेतीनशे वर्षांनी वसईतल्या एका ओटीवर, ज्यांची देवी पळवावी लागली, त्यांच्याच लेकीने ती गायिली.

मावशी जाऊन आता बरीच वर्षे झाली. वाडीच्या जागी इमारती उठल्या, विहीर बुजली. आजी तर त्याआधीच गेली. पण तिने त्या पुस्तकासाठी लाल कापडाचे एक बासन शिवले होते. पुस्तक ठेवायचे कुठे, यावर घरात थोडी चर्चा झाली होती. देवघरात ठेवायला तिचे मन घेईना. कपाटात इतर पुस्तकांत टाकायलाही घेईना. शेवटी तिने देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात ते ठेवले. हात लांबवला, की पोहोचेल इतक्या अंतरावर.

घरे बदलली, पण ते अंतर आम्ही अजून तेवढेच राखले आहे. दिवाळीला देवघर आवरताना कोनाडाही पुसला जातो. यंदा बासन सोडले, तेव्हा नातीने विचारले, "आजोबा, हे कसलं पुस्तक?"

मी म्हटले, "विचारशील तेवढंच सांगेन."